सोळा साखळ्यांचं अंतर

पहिला दिवस, बुधवार

सकाळी साडेसातला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हिल्सबरोहून, आमच्या गावाहून, निघालो. गाडीत मी, अकरा वर्षांची लेक आणि साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेले बाबा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. डब्यात थालीपीठं, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर तीन हेडलॅम्प, जाड जॅकेटं आणि पेन्सिलींचं एक पाकीट. ऑगस्टमध्ये जॅकेटं कशाला, हे बाबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, उद्या कळेल.

गेली सहा वर्षं मी जिओकॅशिंग करते. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवून निघायचं. इंग्रजीत त्याला ‘कॅश’ म्हणतात, पण मराठीत कॅश म्हटलं की नोटाच डोळ्यांपुढे येतात, म्हणून आमच्या घरात तो नुसता ‘डबा’. आजवर मी सातशेहून जास्त डबे शोधले. लपवला मात्र एकही नाही. लपवण्याआधी पुष्कळ शोधावं, बरे-वाईट डबे हाताखालून जाऊ द्यावेत, असं या छंदातले जुने लोक सांगतात आणि ते मला पटतं. आता मात्र माझा पहिला डबा ठेवायचाय. त्याआधी ज्या तीन जागांना या छंदात पंढरीचा मान आहे, त्या बाबांना घेऊन पाहायच्या असं ठरवलं. एक ओरेगनमध्ये, दोन वॉशिंग्टन राज्यात. काही जण तिन्ही एकाच दिवसात उरकतात. आम्ही तीन दिवस घेतले.

बाबांना न्यायचं कारण वेगळं होतं. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं बांध, हद्दीचे दगड, टिपणं, आणि दोन भावांच्या मध्ये उभं राहून लावलेली मोजणीची फळी. जमिनीवर एखादी जागा नेमकी कुठे आहे, हा प्रश्न आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे.

नऊच्या सुमाराला बीव्हरक्रीकच्या बाजूला पोहोचलो. डग्लस फरची उंच झाडी, मधून गावाकडचा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला एक फलक. त्यावर आकडे: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. खाली तारीख, ३ मे २०००, आणि डेव्ह अल्मर हे नाव.

मी बाबांना तिथेच उभं राहून सगळी गोष्ट सांगितली. अमेरिकन लष्कर तेव्हा सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. तुम्ही उभे इथे, यंत्र दाखवणार शंभर मीटर पलीकडे. २ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं दहापट नेमकी झाली. दुसऱ्याच दिवशी अल्मर यांनी या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. त्यात पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक बंद टिन. मग इंटरनेटवरच्या जीपीएसवाल्यांच्या गटात त्यांनी जागेचे आकडे टाकले आणि सांगितलं: काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत बादली दोघांनी शोधली. पहिले पोहोचले माइक टीग. ‘जिओकॅशिंग’ हे नाव नंतरचं, मॅट स्टम यांनी सुचवलेलं. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केलं आणि गोष्ट गटाबाहेर गेली.

“आणि बादली?” लेकीने विचारलं.

बादली पुढे गवत कापायच्या यंत्राखाली सापडून फुटली. वाचला तो घेवड्याचा टिन. त्याला आता माग ठेवायचा क्रमांक दिला आहे आणि छंदातले लोक तो टिन बघायला मिळाला तरी भाग्य समजतात.

बाबा मात्र अजून शंभर मीटरवरच अडकले होते. “शंभर मीटर म्हणजे पलीकडच्या शिवारात गेला की गं माणूस,” ते म्हणाले. मग माझ्या हातातलं यंत्र घेऊन त्यांनी विचारलं, मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानाला जमिनीवर किती अंतर? मी सांगितलं: उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, सगळीकडे. पूर्व-पश्चिम मात्र जागेप्रमाणे बदलतं. साताऱ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास, इथे पंचेचाळीस अंशांवर १.३. त्यांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. सही करून आम्ही निघालो. तिथला डबा कुठे आहे हे मी लिहिणार नाही. पुढे जाणाऱ्याचा आनंद त्यात आहे.

त्याच रस्त्यावर पुढे एक लहान डबा होता. पाऊण तास शोधला. ब्लॅकबेरीच्या काट्यांनी हात ओरबाडले, लेकीने पिकलेली फळं तेवढी खाल्ली, डबा काही मिळाला नाही. ‘सापडला नाही’ अशी नोंद केली. पुष्कळ लोक ही नोंद करत नाहीत, त्यांना ती हार वाटते. पण लागोपाठ तीन जणांनी तसं लिहिलं तर मालकाला कळतं की डबा गेला असावा, जाऊन बघायला हवं. न लिहिणारा माणूस पुढच्या दहा जणांना त्याच काट्यांत पाठवतो.

दुपारी उत्तरेकडे लागलो. वाटेत एका दुकानाच्या वाहनतळात थांबलो, तिथे दिव्याच्या खांबाखालच्या पत्र्याच्या झाकणाआड एक चिमुकला डबा होता. मी झाकण वर करून हात घातला आणि मागून आवाज आला, काय चाललंय? साठीचा गृहस्थ, आवाजात संशय. आपल्या चेहऱ्यामोहऱ्याच्या माणसाने या देशात खांबाखाली हात घालणं म्हणजे कुणीतरी पाहणारच, हे मी सहा वर्षांत शिकले आहे. मी दडवत नाही. डबा दाखवला, वही उलगडली, आधीच्या शोधणाऱ्यांच्या सह्या दाखवल्या. तो दहा मिनिटं थांबला, नातवाला हे दाखवीन म्हणाला. पण लेक गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती, आणि असले डबे कशासाठी ठेवतात, असं तिने विचारलं. मलाही तो प्रश्न पडतो. शोधणाऱ्याला चोरासारखं वागायला लावणारी जागा माझ्या मते वाईट जागा. माझा डबा अशा ठिकाणी नसेल, हे तिथेच ठरलं.

मुक्काम वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ बेंडला.

दुसरा दिवस, गुरुवार

हायक नावाच्या ठिकाणी गाडी लावली. इथून थोड्या अंतरावर स्नोक्वाल्मी बोगद्याचं पूर्वेकडचं तोंड. मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने १९१२ ते १९१४ मध्ये तो खोदला. १९८० मध्ये या बाजूची रेल्वे बंद पडली, रूळ निघाले आणि आता ती चालण्या-सायकलींची वाट आहे. हिवाळ्यात बोगदा बंद ठेवतात, आत बर्फाचे सुळे लोंबतात म्हणून.

तोंडाशीच गार झोत अंगावर आला. बाबांनी न बोलता जॅकेट चढवलं.

आत शिरल्यावर शंभरेक पावलांत माझ्या यंत्राने हात टेकले. उपग्रह शून्य. पडद्यावरचा बाण गोल फिरून थांबला. मी ते बंद करून खिशात टाकलं. बाबा म्हणाले, “आता मी मोजतो,” आणि पावलं मोजू लागले. मोजणाऱ्याची चाल निराळी असते. चढ-उतार, गप्पा, काही असो, पाऊल अडीच फुटांचंच पडतं. लहानपणी मी त्यांच्या मागे बांधावरून चालायचे तेव्हा त्यांच्या पावलात पाऊल टाकता यायचं नाही म्हणून रडायचे. इथे लेक तसंच करत होती, हेडलॅम्पच्या उजेडात त्यांच्या बुटांवर नजर ठेवून. छतातून पाणी ठिबकत होतं. भिंतींचा ओलसर सिमेंटचा वास. लांबून सायकलचा दिवा ठिपक्यासारखा दिसायचा, आणि तो आपल्यापर्यंत यायला इतका वेळ लागायचा की तो सायकलचाच दिवा आहे यावरचा विश्वास उडायचा. बोगदा सरळ आहे. पलीकडचं तोंड खूप आधीपासून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, आणि कितीही चाललं तरी तेवढंच राहतं.

कुणी बोललं नाही. शेवटी उजेड अंगावर आला तेव्हा बाबा थांबले, वहीत लिहिलं: ४,७३० पावलं. मग तिथेच उभ्या उभ्या हिशेब. “अकरा हजार आठशे पंचवीस फूट. भागिले तेहतीस. तीनशे अठ्ठावन्न साखळ्या.” आमच्याकडच्या जुन्या मोजणीतली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि तेहतीस बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा. मी मीटरमध्ये करून पाहिलं: ३,६०० आणि थोडे. मी वाचून आले होते तो आकडा साधारण तेवढाच. सत्तरीच्या माणसाने अंधारात, पावलांनी मोजून.

डबा पुढच्या झाडीत. २००१ मध्ये एका हॉलिवूडपटाच्या प्रसिद्धीसाठी जगभर काही डबे ठेवले गेले होते, त्यातले फार थोडे उरले, हा त्यांतला. २०११ मध्ये तो चोरीला गेला तेव्हा हळहळलेली माणसं मला भेटली आहेत. काही वर्षांनी तो परत आला.

बोगद्याबाहेर यंत्र जागं झालं, पण धड सांगेना. आधी डावीकडे बारा मीटर, दोन पावलं टाकली तर उजवीकडे नऊ. इथे उंच झाडी आहे आणि शेजारी कातळ. पानांमधून येताना उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, कातळावरून उसळून येणारा संदेश लांबचा रस्ता घेतो, आणि यंत्राला वाटतं आपणच सरकलो. नवीन माणूस अशा वेळी बाणामागे गोल गोल फिरत राहतो. शेवटचे दहा मीटर यंत्राचे नसतात. यंत्र खाली ठेवायचं आणि बघायचं.

बाबांना हे सांगावं लागलं नाही. ते मुळी झाडांकडे पाहतच नव्हते, जमिनीकडे पाहत होते. नेचे कुठे मोडलेत, शेवाळ कुठल्या दगडावर घासून गेलंय, पाचोळा कुठे दबलाय. “बांध सरकवला की गवत सांगतं,” ते म्हणाले आणि एका ओंडक्याकडे बोट केलं. लेक धावली. तिच्या किंकाळीवरून कळलंच.

मोठा डबा होता. झाकण उघडलं की येतो तो वास मला फार आवडतो: कोंडलेला कागद, रबर, थोडी माती. आत वही, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत. तरीही कडेची पानं दमट झालेली. बाबांनी रुमालाने प्रत्येक पानाची कड टिपली, पिशवीतलं पाणी झटकलं, आणि मगच सही केली, मोडीच्या वळणाची ती त्यांची जुनी सही. लेकीने सोबत आणलेलं पाच पैशांचं ॲल्युमिनियमचं चौकोनी नाणं आत ठेवलं. नियम असा की काही घेतलंत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं; तिने काहीच घेतलं नाही. खाण्याची वस्तू कधी ठेवायची नाही, जनावरं डबा फोडतात.

परतीच्या वाटेवर, पुन्हा बोगद्यात, बाबांनी विचारलं, “दोन डब्यांत अंतर किती असावं लागतं?” मी म्हटलं, एकशे एकसष्ट मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, पाचशे अठ्ठावीस फूट. ते चालता चालता थबकले. “पाचशे अठ्ठावीस? म्हणजे सोळा साखळ्या. बरोब्बर सोळा.” एका साखळीचे आणेही सोळाच. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज असा होता जणू परमुलखात गाववाला भेटला.

तिसरा दिवस, शुक्रवार

सिअ‍ॅटलमध्ये फ्रेमाँट भागात जिओकॅशिंगचं मुख्यालय आहे. आधी वेळ ठरवून जावं लागतं. पुलाखालचा सिमेंटचा राक्षस लेकीला दाखवला, फोटो काढले, वेळेवर पोहोचलो. आत मोठी लाकडी पेटी, तिच्यात जगभरातून हातोहात आलेल्या वस्तू. प्रत्येक वस्तूला क्रमांकाची पट्टी. तो क्रमांक टाकला की ती कुठून निघाली, कुणाकुणाच्या हातून आली ते सगळं वाचता येतं. लेक तासभर एकेक क्रमांक टाकून वाचत बसली.

मला तिथे सगळ्यात जवळचं वाटलं ते पाहुण्यांच्या सह्यांचं पान. जगात आज तीस लाखांहून जास्त डबे आहेत आणि त्यांतला जवळपास प्रत्येक डबा कुणा एका माणसाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वेळात ठेवलाय. नवा डबा जाहीर होण्याआधी तो तपासणारेही स्वयंसेवक. पगार कुणालाच नाही, आणि शोधणारा कोण हे ठेवणाऱ्याला बहुतेक वेळा कधीच दिसत नाही.

बाबांनी तिथल्या मुलीला माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला: आकडे चुकीचे दिले तर? ती म्हणाली, शोधणारे लिहितात, आणि मालकाने दुरुस्त करायचे असतात. बाबांनी मान हलवली. रात्री उशिरा घरी.

चौथा दिवस, शनिवार

डबा मी महिन्यापूर्वीच घेऊन ठेवला होता. चारही बाजूंनी कड्या लागणारा, रबरी कडेचा, दोन लिटरचा. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पावसाची रिपरिप असते. फोटोच्या रिळाच्या जुन्या डब्या पहिल्याच हिवाळ्यात पाणी धरतात, हे सातशे वेळा पाहून झालंय. वही ओल्यातही लिहिता येईल अशा कागदाची. शाई पसरते म्हणून पेन नाही, पेन्सिल.

जागा आमचंच अंगण. घर कोपऱ्यावर आहे, दोन्ही बाजूंना पदपथ. परवानगीचा प्रश्न नाही, कुणाला चोरासारखं वाकावं लागणार नाही, आणि डब्याला काही झालं तर मी चप्पल घालून बघायला जाऊ शकते. आत यायला हरकत नाही, हे माहितीत ठळक लिहायचं म्हणजे झालं. माझ्या मनात पत्रपेटीजवळची जागा होती. पण पलीकडच्या बागेत एक जुना डबा आहे, आणि नकाशावर अंतर आलं १५४ मीटर. सात मीटर कमी.

बाबा कंबर कसून उभे राहिले. अंगणाचं टिपण काढलं: उत्तरेचा बाण, पदपथ, पत्रपेटी, मेपल, दगडी गडगा. मेपलच्या पलीकडे, गडग्याच्या टोकाशी अंतर निघालं १६६. “इथे. पण एकदा वाचून चालणार नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ.” त्यांचं बरोबर होतं. उपग्रह दिवसभर जागा बदलतात; एका वेळच्या वाचनात पाच मीटरची चूक सहज निघते आणि आमच्याकडे सांडायला पाचच मीटर होते. यंत्र गडग्यावर ठेवून प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबलो. अक्षांशाच्या शेवटच्या आकड्यात सकाळ-संध्याकाळमध्ये तीनचा फरक पडला. साडेपाच मीटर. तिन्हीची सरासरी काढली, मगच आकडे पक्के.

गडग्याचा एक मोठा दगड लेक आणि मी मिळून पुढे ओढला, मागे पोकळी होती तीत डबा बसला. खणलं नाही. पुरायला मनाई आहे, आणि बाबांना ते पटलेलं होतं: “पुरायचा तो हद्दीचा दगड.” वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी टिपण पुन्हा स्वच्छ काढलं, खाली सरासरीचे आकडे. डब्याला नाव दिलं ‘सोळा साखळ्या’, आणि माहितीत साखळी, आणे, गुंठा हे सगळं चार ओळींत सांगितलं. शोधायचा कठीणपणा दीड, तिथवर पोहोचायची चाल एक, म्हणजे अगदी सोपा. रात्री तपासणीसाठी पाठवलं.

सातवा दिवस, मंगळवार

प्रवास संपला होता, पण हा दिवस लिहायलाच हवा.

संध्याकाळी मंजुरी आली. रात्री पावणेदहाला अंगणात बॅटरीचा उजेड. नवे आकडे जाहीर झाले की पहिला शोधक व्हायला जेवण सोडून निघणारे लोक असतात. आम्ही तिघं घरातले दिवे घालवून खिडकीच्या पडद्याआड. उजेड आधी पत्रपेटीकडे गेला, मग मेपलकडे, मग गडग्यावरून सावकाश सरकत आला. “डावीकडे,” बाबा पुटपुटत होते, “अजून डावीकडे.” उजेड थांबला. दगड सरकल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. तो माणूस आमच्या पायरीवर बसून वही वाचत होता. जाताना त्याने दगड जागेवर लावला, आणि त्यावर उजेड टाकून एकदा पाहिलं.

सकाळी सहाला बाबा अंगणात. मी चहा घेऊन गेले तर ते गडग्यावर बसून वही उघडून पाहत होते. टिपणाखाली पेन्सिलीने वेळ, सही, आणि त्या माणसाने स्वतःच्या यंत्रावर आलेले आकडे बाबांच्या आकड्यांच्या शेजारी लिहिलेले. अक्षांशात शेवटच्या स्थानी एकचा फरक.

“एक पंच्याऐंशी,” बाबा म्हणाले, आणि स्वतःची वही काढून त्यांनी ते तारखेसह उतरवून घेतलं.